माझ्या गालांवरची पेन्सिल

फोटोवाल्याचं पोट दुसऱ्याच्या तोंडावर चालतं. सांगलीत बारा वर्षं मी फोटोचं दुकान चालवलं. नवरानवरी, म्हातारेकोतारे, लढाईवर निघालेले जवान, किती तोंडं उजेडात बसवली त्याला गणती नाही. पण स्वतःचा म्हणून एकही फोटो काढला नव्हता. काढला तो क्षयाच्या दवाखान्यात, खाटेवर बसून. एक नाही, ओळीनं चार काढले. त्या चार फोटोंवर भरवसा ठेवून मी अर्धवट आजारातच घरी निघालो होतो. गेलो असतो तर हे लिहायला मी राहिलो नसतो, आणि माझ्याबरोबर घरात आणखी कोण कोण गेलं असतं याचा विचार अजूनही नको वाटतो.

ज्यांना नुकतंच कळलंय की छातीत डाग आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. औषधपाण्यातलं मला कळत नाही. आता नव्या औषधाची सुई निघाली आहे म्हणतात. आमच्या वेळी दूध, मोकळी हवा आणि अंथरूण एवढाच कारभार होता. पण आजारी माणूस स्वतःला कसा फसवतो, आणि घरची माणसं मायेपोटी त्याला कशी हातभार लावतात, हे मला चांगलं माहीत झालंय.

काचेवरचा ठिपका

कुंडलकडचं एक कुटुंब दुकानात आलं होतं. थोरला मुलगा पलटणीत निघाला होता, म्हणून सगळ्यांचा एकत्र फोटो हवा होता. मी त्यांना बसवलं, काळं कापड डोक्यावर घेतलं आणि कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर त्यांचं उलटं चित्र नीट लावत होतो. तेवढ्यात खोकला आला. महिनाभर येतच होता. खोकून झाल्यावर परत काचेकडे पाहिलं, तर त्या जवानाच्या उलट्या चित्रावर एक लाल ठिपका होता. पुसला तर बोट लाल झालं.

मी काच पुसली, फोटो काढला, त्यांना नमस्कार करून वाटेला लावलं आणि मग खुर्चीत बसलो. आत जाऊन पद्माला सांगायला पाय उचलेनात.

पद्मा माझी बायको. दुकानाच्या मागेच आमचं घर. लग्न होऊन आष्ट्याहून आली तेव्हा तिला लिहितावाचतासुद्धा जेमतेम यायचं, पण हात असा हलका की मी तिला रिटचिंग शिकवलं. हे काम काय असतं ते सांगतो, पुढे लागणार आहे. फोटो आधी काचेवर उलटा उमटतो: गोरं ते काळं, सावली ती मोकळी. त्या काचेवर बारीक टोकाच्या पेन्सिलीनं मोकळ्या जागा हलकेच भरल्या की कागदावर तेवढी सावली उजळते. डोळ्याखालची काळी वर्तुळं जातात, देवीचे वण जातात, बसलेले गाल भरतात. गिऱ्हाईक खूश होतं आणि आपण खरंच असे दिसतो असं मानून घरी जातं. वर्षभरात पद्माचा हात माझ्यापेक्षा सरस झाला होता.

दोन दिवसांनी क्षयाच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला. डावीकडे वरच्या बाजूला ढग होता. डॉक्टर शांतपणे समजावत होते आणि मी मात्र त्यांना म्हणालो, "उजेड कमी पडलाय वाटतं." माणूस घाबरला की आपल्या धंद्यात जाऊन लपतो. घरी आल्यावर आमची दोन वर्षांची कुसुम धावत आली. मी हात पुढे करून तिला लांबच थांबवलं. तिला तो खेळ वाटला. ती पुन्हा पुन्हा धावत यायची आणि मी पुन्हा पुन्हा तिला थांबवायचो. शेवटी पद्मानं तिला उचललं आणि माझ्याकडे न बघता आत गेली.

व्हरांडा

दवाखाना मिरजेच्या पलीकडे, माळावर होता. लांबलचक व्हरांड्यात ओळीनं खाटा. सकाळी थर्मामीटर, संध्याकाळी थर्मामीटर, सोमवारी वजन. दुपारी दोन तास बोलायचंही नाही, नुसतं पडून राहायचं. आम्ही जैन, म्हणून अंड्यावरून सिस्टरशी पहिल्याच दिवशी वाजलं. माशाच्या तेलाची बाटली तिनं उशाशी ठेवली आणि मी ती खाटेखाली सरकवली. ती रोज वर काढायची, मी रोज खाली ठेवायचो. अखेर डॉक्टरांनी दूध वाढवून दिलं आणि आमचा तह झाला.

शेजारच्या खाटेवर मारुती हवालदार होता, साताऱ्याकडचा, कोरेगाव तालुक्यातला. तो लढाईतून आला तो थेट इथेच. घरी म्हातारी आई, आणि तिला एवढंच कळवलेलं की साहेब रजा देत नाहीत. बोलायला तो मोकळा होता. पहिल्याच दिवशी मला म्हणाला, "हितं दोन गोष्टी करायच्या न्हाईत गड्या. दिस मोजायचं न्हाईत आन् दुसऱ्याचा तापाचा तक्ता वाचायचा न्हाई." दोन्ही मी लगेच केल्या.

सगळ्यात वाईट होतं ते काही न कळणं. ताप आज अर्धा अंश उतरायचा, उद्या चढायचा. वजनाचा काटा जागचा हलायला तयार नव्हता. दाढीच्या आरशात बघून काही समजत नाही, कारण आरशाला कालचं तोंड आठवत नाही. तेव्हा मला सुचलं की दर महिन्याला एकाच जागी, एकाच उजेडात आपला फोटो काढावा. म्हणजे उतारा पडतोय की नाही ते डोळ्यांना दिसेल. डॉक्टर हसले, पण त्यांनी परवानगी दिली. पद्मा महिन्याच्या पहिल्या रविवारी यायची आणि माझ्यापासून पाच हात अंतरावर बाकावर बसायची. तिनं माझा छोटा कॅमेरा, तिकाटणं आणि काच भरलेली डबी आणली. मी फोटो काढायचा, तिनं काच न्यायची, घरी धुऊन कागद छापायचा आणि टपालानं पाठवायचा, असं ठरलं.

मी तिला बजावलं होतं, "ह्या काचांना पेन्सिल लावायची न्हाई."

"न्हाई लावत," ती म्हणाली.

श्वास धरा

दुसऱ्याचा फोटो काढणं सोपं. स्वतःचा काढताना पहिली अडचण म्हणजे कॅमेऱ्यामागे कोणी नाही. मी खाटेवर उशी उभी करून तिच्यावर कॅमेऱ्याची नजर लावली, मग उशी काढून तिथे स्वतः बसलो. हातात लांब रबरी नळीचा फुगा. तो दाबला की झडप उघडते. बारा वर्षं मी लोकांना सांगत आलो होतो, "श्वास धरा, हलू नका." आता स्वतःला तेच सांगितलं आणि दोन आकडे मोजेपर्यंतही श्वास टिकला नाही. पहिली काच खोकल्यात गेली. दुसऱ्या वेळी अर्धा श्वास सोडला आणि मग फुगा दाबला.

दुसरी अडचण तोंडाची. गिऱ्हाइकाला हनुवटी वर, खांदा खाली हे मी चटकन सांगायचो. स्वतःचं तोंड कसं ठेवायचं ते मला येईना. बरा दिसावा म्हणून धडपडावं की आहे तसं बसावं? मनाशी म्हणायचो, आहे तसं. पण सकाळचा मऊ उजेड समोरून येईल अशीच जागा मी निवडली होती. त्या उजेडात सावली पडत नाही हे शाळकरी पोरालाही सांगता येईल.

पहिला फोटो आला. मी होतो त्यापेक्षा बरा वाटलो. दुसऱ्यात आणखी बरा. तिसऱ्यात गाल चक्क वर आले होते. सगळे फोटो मी उशाशी ओळीनं लावले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवू लागलो. वजन वाढत नव्हतं, पण काट्याचं काय घेऊन बसलात, काटा बिघडतोही. चौथा फोटो आला त्याच आठवड्यात डॉक्टर खाटेशी बसले. म्हणाले, ढग खाली सरकतोय, आता फासळ्यांमधून सुई घालून छातीत हवा भरायला हवी, म्हणजे फुफ्फुस आवळून विश्रांती घेईल. वर्ष लागेल, कदाचित जास्त.

मी त्यांना माझे चार फोटो दाखवले. त्यांनी माझ्या छातीचा फोटो खिडकीला लावला. दोघांकडेही फोटोच होते, आणि मी माझ्या फोटोंवर विश्वास ठेवला. सुईला नकार दिला आणि महिनाअखेरीला घरी येतो असं पद्माला पत्र टाकलं. डॉक्टरांनी इतकंच म्हटलं की मी तुम्हाला बांधून ठेवू शकत नाही.

हवालदाराचा फोटो

त्या चौथ्या काचेबरोबर मी मारुती हवालदाराचाही एक फोटो काढला होता. आईला पाठवायचा म्हणून तो मागे लागला होता. माझ्या फोटोनंतर दोन दिवसांनी त्याचा आला. पाकीट त्याच्या हातात दिलं. त्यानं बराच वेळ बघितलं आणि मग फोटो माझ्याकडे दिला.

"ह्यो माजा थोरला भाव वाटतोय," तो म्हणाला. "आईला ह्यो धाडला तर ती इचारंल, एवढा बरा झालाय तर घरी का येत न्हाई? काय सांगू तिला?"

मी फोटोकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. तो माझ्यापासून चार हातांवर बसला होता, दुपारच्या आडव्या उजेडात, गालांत दोन खळगे घेऊन. फोटोत खळगे नव्हते. गालफडाच्या हाडाखाली पेन्सिलीची जी बारीक बारीक वळणं असतात, एकमेकांना न शिवणारी, ती मला दिसली. तो हात मी ओळखतो. मीच तो शिकवला आहे.

मी माझे चारही फोटो उशाजवळून उचलले आणि एकेक डोळ्यांजवळ नेला. चारही गालांवर तीच वळणं होती.

दुसऱ्याचा फोटो असता तर मी लांबूनच ओळखलं असतं. स्वतःच्या फोटोत खोटं दिसत नाही, कारण ते आपल्याला हवं असतं. राग पद्माचा आला, आणि पुढच्याच क्षणी लाजही वाटली. पेन्सिल तिनं चालवली होती, पण उजेड मी निवडला होता.

मी तिला एका ओळीचं पत्र लिहिलं: येत्या रविवारीच ये, चारी काचा घेऊन.

बाकावर

रविवारी ती आली. काचांची पेटी मांडीवर ठेवून बाकावर बसली. पेटीशेजारी टर्पेंटाइनची बाटली आणि कापूस ठेवला. ते मी मागितलं नव्हतं. काचेवरची पेन्सिल टर्पेंटाइननं निघते, म्हणजे तिला सगळं उमगलं होतं.

मी विचारलं, "का केलंस?"

ती बराच वेळ पेटीच्या कडीशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "पयला कागद छापला. पान्यात तुमचं तोंड वर आलं, तवा आत्याबाई माज्या मागं हुब्या. त्या म्हनल्या, पद्मा, ह्यो तसला फोटो हाय का गं?"

आत्याबाई म्हणजे माझी आई. तसला म्हणजे काय ते आमच्या घरात सांगावं लागत नाही. घरातलं माणूस आता हाती लागत नाही असं झालं की लोक फोटोवाल्याला बोलावतात. उशांचा टेकू देऊन बसवायचं, टोपी नीट करायची, आणि शेवटचा म्हणून एक फोटो काढायचा. मी असे कितीतरी काढले होते, आणि पद्मानं धुतले होते.

"मी त्यांस्नी न्हाई म्हनलं," ती पुढं म्हणाली. "मग न्हाई असं दिसाय नगो का? म्हनून भरलं."

"आन् पुढच्या म्हैन्याला?"

"पुढच्या म्हैन्याला गाल आनखी आत गेल्यालं. पयल्यात भरल्यालं आन् दुसऱ्यात बसल्यालं, असं कसं धाडू तुमास्नी? म्हनून वाईच जास्त भरलं. तिसऱ्याला त्याच्याहून जास्त. थांबायचं कुटं तेच कळंना, आवं."

"मी त्याच फोटोंवर घरी निघालो हुतो," मी म्हणालो.

तिनं एकदम माझ्याकडे बघितलं. तिला वाटलं होतं, डॉक्टरांनीच सोडलं म्हणून मी येतोय. घर सारवून झालं होतं, माझं अंथरूण कुसुमच्या शेजारी घालायचं असं आईनं ठरवलंही होतं. हे सगळं ती सांगत होती आणि सांगता सांगता थांबली.

"आन् कुसुम?" एवढंच ती म्हणाली.

माळावरून कुणाची तरी मेंढरं चालली होती, जतकडची असावीत. ती पार दिसेनाशी होईपर्यंत आम्ही तिकडेच बघत राहिलो. मग पद्मानं पेटी उघडली, कापूस भिजवला आणि पहिली काच पुसायला घेतली. अतिशय हलक्या हातानं, जशी भरली होती तशीच. एकेक काच पुसून ती बाकावर आभाळाकडे टेकवत गेली आणि उठून बाजूला उभी राहिली.

मी जवळ गेलो. आमच्या धंद्यातल्या माणसाला उलटी काच सुलटी वाचता येते. चार महिन्यांचा मी तिथे ओळीनं बसलो होतो. पहिल्या काचेतला माणूस आजारी होता. चौथ्या काचेतला माणूस मी पाहिलेला होता, उशांना टेकून बसलेला, टोपी नीट केलेला, पुष्कळ घरांत.

भीती वाटली ती सांगण्यासारखी नाही. पण त्या भीतीत एक गोष्ट बरी होती. चार महिन्यांत पहिल्यांदाच मला माझं कळलं होतं.

डॉक्टर फेरीवर आले तेव्हा काचा बाकावरच होत्या. त्यांनी वाकून चारही पाहिल्या. मी म्हणालो, सुई घालायची तेव्हा घाला. ते म्हणाले, "ह्यात उजेड पुरेसा आहे ना?" आम्ही तिघंही थोडंसं हसलो.

हवा

सुईचं भय सुईपेक्षा मोठं असतं, एवढंच त्याबद्दल सांगतो. कुशीवर झोपवतात, फासळ्यांमध्ये टोचतात, आणि छातीत कुणीतरी हळूच बसल्यासारखं वाटतं. आधी दर दोन दिवसांनी, मग आठवड्याला, मग पंधरवड्याला. पहिल्या वेळी मारुती हवालदार व्हरांड्यातून मोठ्यानं कवायतीचे हुकूम सोडत होता, म्हणजे माझं लक्ष तिकडे राहावं. सिस्टर त्याला रागावली तरी तो थांबला नाही.

फोटो मी सोडले नाहीत. फक्त खाट फिरवून घेतली, उजेड बाजूनं यावा म्हणून. पद्मा कागद छापून आहे तसे पाठवायची. आधी काही महिने ते बघवत नव्हते. मग एका फोटोत काही बदल नव्हता, त्याच्या पुढच्यातही नव्हता, आणि ताप उतरला तो उतरलाच. गाल मात्र परत आले नाहीत, आणि डावा खांदा कायमचा खाली आला तो आलाच.

हवालदाराचाही दुसरा फोटो काढला, खळग्यांसकट. तो त्यानं आईला पाठवला आणि खरं काय ते कळवलं. म्हातारी कोरेगावहून एकटी आली आणि तीन दिवस व्हरांड्याच्या पायरीवर बसून राहिली. पुढच्या उन्हाळ्यात तो गेला. आईला निदान भेटला, हे मी स्वतःला पुष्कळदा सांगतो.

आजाऱ्यांना माझं सांगणं इतकंच की बरं दिसण्याच्या मागे लागू नका. आणि घरच्यांना सांगणं की त्याला खरं दिसू द्या. तुम्हाला वाटतं त्यापेक्षा त्याला ते जास्त सोसतं. पद्मावर मी पुन्हा कधी रागावलो नाही. तिच्या जागी मी असतो तर मीही पेन्सिलच उचलली असती.

घरी

दोन वर्षांनी डॉक्टरांनीच मला सोडलं. पद्मा टांगा घेऊन आली होती. वाटेत मला एकच काळजी होती. कुसुम आता चार वर्षांची झालेली. मी दवाखान्यात गेल्यापासून तिनं मला पाहिलं नव्हतं. लांबचा कुणी आलाय असं समजून ती लाजेल, आईच्या पदराआड जाईल, रडेलही, अशी मी मनाची तयारी करत होतो. पद्माला तसं म्हणालो, तर तिनं टांगेवाल्याला घोडा दामटायला सांगितलं.

दुकानाच्या दारात आई उभी होती आणि तिच्यापुढे कुसुम. मी टांग्यातून उतरलो. आई रडायला लागली. पोर मात्र माझ्याकडे नीट बघत होती, गिऱ्हाइकाकडे आम्ही बघतो तशी. मग सरळ पुढे आली. मी सवयीनं हात पुढे केला, तिला लांब थांबवायला, आणि मग आठवलं की आता थांबवायचं कारण नाही.

मी खाली बसलो. तिनं माझ्या गालाच्या खळग्यात बोट घातलं आणि मागे वळून आजीला सांगितलं, "बाबाच हाईत. हितं खड्डा हाय."

पद्मानं घरी भिंतीवर लावलेला भरल्या गालांचा फोटो आईनं केव्हाच उतरवला होता. त्या जागी पद्मानं दर महिन्याचा नवा फोटो लावला होता, पेन्सिल न लावलेला, आणि दररोज सकाळी पोरीला उचलून दाखवला होता. हे मला नंतर कळलं. त्या वेळी मला एवढंच कळत होतं की दोन वर्षांत घरच्या कुणाचा हात माझ्या तोंडाला लागला नव्हता, आणि तो आता लागला होता. तिनं बोट काढेपर्यंत मी हललो नाही.